फायलींनाही ऊन दाखवावं लागतं : छोट्या संस्थेसाठी डिजिटल जतनाची वाट

पावसाळा सरला की जुन्या वाड्यांमधून पोथ्यांचे रुमाल सोडले जायचे. पानं मोकळी करायची, ऊन-वारा दाखवायचा, कुठे कसर लागली आहे का ते बघायचं, कडुनिंबाचा पाला बदलायचा आणि पुन्हा बांधून ठेवायचं. दरवर्षी. ज्या घरात हा नेम मोडला, तिथल्या पोथ्यांची वाळवीने माती केली. नाशिकमधल्या लहानमोठ्या संस्थांच्या स्कॅन केलेल्या साठ्यावर काम करताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसत आलं आहे. हार्ड डिस्क विकत घेतली की साठवण झाली, असं सगळ्यांना वाटतं. पण साठवण खरेदीने संपत नाही, ती दरवर्षी करत राहावी लागते.

एका जुन्या संस्थेने आपली हस्तलिखित मासिकं स्कॅन करून घेतली होती. काम करणाऱ्याने सगळं एका हार्ड डिस्कवर आणून दिलं. डिस्क पिशवीत घालून लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली सचिवांकडे. चार वर्षांनी मी ती संगणकाला जोडली. निळा दिवा लागला. आतून टक्... टक्... असा आवाज आला आणि थांबला. केबल बदलली, संगणक बदलला, तरी तेच. टेबलाभोवती पाच जण उभे होते, कुणी काही बोललं नाही. दरम्यान मूळ मासिकं, 'आता स्कॅन झालंय ना' म्हणून माळ्यावर गेली होती आणि तिथे गळतीचं पाणी लागून पानं एकमेकांना चिकटली होती. त्यातलं फार थोडं हाती आलं.

तुमच्याकडे शाळेची जुनी रजिस्टरं असोत, वाचनालयाचे दुर्मिळ अंक असोत की एखाद्या मंडळाच्या व्याख्यानमालेच्या कॅसेटी, हे काम ज्यांच्या अंगावर नव्याने पडलं आहे त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो.

आधी मोजणी

साठवणीचं काहीही विकत घेण्याआधी वही घ्या. काय आहे, किती आहे, कुठे आहे, कुणी केलं, कधी केलं. बहुतेक संस्थांमध्ये हा साठा तीन जुन्या डिस्क, दोन पेन ड्राइव्ह, कुणाच्या तरी लॅपटॉपचा डेस्कटॉप आणि एका माजी कार्यकारिणी सदस्याचा खासगी ईमेल एवढ्या ठिकाणी विखुरलेला असतो. तो एका यादीत आणायलाच महिना जातो. जाऊ द्या. ही यादी नसेल तर पुढचं सगळं अंदाजाने चालतं.

जागेचा हिशेब कागदावर करता येतो. ए-४ आकाराचं एक पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), रंगीत, फाइल दाबून लहान न करता (कॉम्प्रेस न करता) टिफ या प्रकारात ठेवलं तर साधारण २६ एमबी होतं. दोनशे पानांचा दिवाळी अंक म्हणजे ५ जीबीच्या थोडं वर. असे पाचशे अंक, म्हणजे एक लाख पानं, २.६ टीबी. ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ घेतलं तर तासाला साधारण २ जीबी लागतात. या आकड्याला तीनने गुणा, कारण प्रती तीन ठेवायच्या आहेत. वर पुढच्या पाच वर्षांत येणाऱ्या साहित्याची भर घाला. जो आकडा येईल तो घेऊनच दुकानात जा. 'दोन टीबीची घ्या, भरपूर होते' हा दुकानदाराचा सल्ला तुमच्या साठ्याकडे बघून दिलेला नसतो.

मूळ प्रत आणि वापरायची प्रत

स्कॅन झालेली मोठी टिफ फाइल ही मूळ प्रत. ती वाचकाला द्यायची नाही, व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, तिच्यावर वॉटरमार्क, म्हणजे संस्थेच्या नावाचा फिकट शिक्का, मारायचा नाही. वाचकासाठी तिच्यापासून छोटी पीडीएफ किंवा जेपेग बनवा. देवघरातली मूर्ती आणि मिरवणुकीतली मूर्ती वेगळी असते, तसंच हे. वापरायची प्रत हरवली तर मुळावरून पुन्हा करता येते. मूळ गेलं तर कागदाकडे परत जावं लागतं आणि कागद दरवर्षी थोडा अधिक ठिसूळ झालेला असतो.

फायलींची नावं रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा (_) एवढ्यातच ठेवा. आपल्या लिपीचा अभिमान मलाही आहे. पण देवनागरी नावं एका संगणकप्रणालीतून दुसरीत जाताना, किंवा जुन्या झिप सॉफ्टवेअरमधून काढताना, चौकोनांत बदललेली मी पाहिली आहेत. मराठी शीर्षक, लेखक, वर्ष हे सगळं सोबतच्या तक्त्यात युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांत, नीट लिहा.

तीन प्रती, आणि मधे गोदावरी

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रुळलेला ३-२-१ चा नियम सुरुवातीला पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय डिजिटल जतन आघाडीने २०१३ मध्ये या कामाच्या चार पायऱ्या आखल्या. त्यातली तिसरी पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. निदान एक प्रत अशा जागी हवी, जिथलं संकट तुमच्या संकटापेक्षा वेगळं आहे.

हे नाशिककराला नकाशाशिवाय कळतं. पूर किती आला हे आपण गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतो. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना गोदाकाठ आणि सराफ बाजाराच्या परिसरात पाणी कसं चढतं ते सांगायला नको. आता एक प्रत मेनरोडच्या तळमजल्यावर आणि दुसरी पंचवटीत नदीकाठच्या घरात ठेवली, तर कागदावर दोन ठिकाणं झाली. नदीच्या लेखी ते एकच ठिकाण आहे. त्यातली एक नाशिकरोडला किंवा उंचावरच्या उपनगरात हलवा. तिसरी मात्र जिल्ह्याबाहेर जाऊ द्या. पुण्याचं नाव पहिलं सुचतं, पण पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं तेव्हा तिथे नदीकाठी काय झालं हे आठवा आणि तिथेही जागा बघूनच ठेवा. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरची एखादी समविचारी संस्था असेल तर अदलाबदल करावी: तुमची डिस्क त्यांच्या कपाटात, त्यांची तुमच्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेला लॉक्स हा प्रकल्प याच विचारावर उभा आहे. अनेक ग्रंथालयं एकमेकांच्या प्रती सांभाळतात आणि आपापसांत ताडून बघतात.

मोठ्यांनाही ही चूक महागात पडली आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायलींचा ८५८ टीबीचा साठा गेला. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. आपला साठा त्याच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो. आकाराची सबब आपल्याला नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गूगल ड्राइव्हसारखं सिंक, म्हणजे संगणकावरचं फोल्डर आणि क्लाउडवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवणं, म्हणजे प्रत नव्हे. कार्यालयातल्या संगणकावरून फोल्डर चुकून पुसलं की सिंक ते इमानेइतबारे वरूनही पुसतं. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर बिघडलेल्या फायलीही तितक्याच तत्परतेने वर जातात. तसंच रेड (RAID) या अनेक डिस्क जोडण्याच्या रचनेचं. दोन किंवा अधिक डिस्कच्या पेटीत एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. पेटी चोरीला गेली की सगळं एकदमच जातं. म्हणून तीनपैकी एक प्रत कायम बंद, तारेवेगळी, कशालाही न जोडलेली असली पाहिजे.

कशावर ठेवायचं

हार्ड डिस्क: छोट्या संस्थेसाठी आजही हाच व्यवहार्य मार्ग. दोन डिस्क घ्यायच्या असतील तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, कारण एकाच घाण्यातल्या डिस्क एकाच सुमारास दगा देऊ शकतात. खरेदीची तारीख डिस्कवर चिकटवा. पाच वर्षं झाली की ती चालू असली तरी नवीन घेऊन माल हलवा आणि जुनी दुय्यम कामाला लावा.

एसएसडी आणि पेन ड्राइव्ह: वेगासाठी उत्तम, कपाटात बंद ठेवायला नाही. त्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तो भार झिरपत जातो.

टेप: बँका, वेधशाळा, मोठी ग्रंथालयं आजही एलटीओ नावाची चुंबकीय टेप वापरतात हे ऐकून नवीन माणूस चकित होतो. एलटीओ-९ च्या एका कॅसेटमध्ये १८ टीबी मावतात, कॅसेट स्वस्त आणि कपाटात असताना वीज शून्य. मेख ड्राइव्हमध्ये आहे. ड्राइव्ह महाग असतो आणि तो फार मागच्या पिढ्या वाचत नाही. एलटीओ-९ चा ड्राइव्ह आठव्या पिढीची टेप वाचतो, सातव्या पिढीची नाही. टेप तीस वर्षं टिकेल असं उत्पादक सांगतात, पण तोवर ती वाचणारं यंत्र शोधायला बाजार पालथा घालावा लागेल. माझ्या मते साठा पन्नास टीबीच्या आत असेल तर टेपच्या वाटेला जाऊ नये.

क्लाउड: तिसरी, दूरची प्रत म्हणून चांगला. मोठ्या सेवांची केंद्रं मुंबई, पुणे, हैदराबाद इथे आहेत, त्यामुळे साहित्य देशातच ठेवता येतं. क्वचित लागणाऱ्या साठ्याचे दर कमी असतात, पण करार करताना दोन प्रश्न विचाराच: सगळं परत उतरवून घ्यायला किती पैसे आणि किती वेळ लागेल? आणि एखाद्या वर्षी बिल थकलं तर किती दिवसांनी फायली पुसता? हा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. अनुदान उशिरा आलं की सगळ्यांत आधी थकतं ते हेच बिल.

सीडी-डीव्हीडीवर जे आहे ते या महिन्यातच उतरवून घ्या. लिहिण्याच्या चकतीतला रंग वर्षांनुसार उडतो आणि नव्या लॅपटॉपला चकती घालायची फटच नसते.

चेकसम: फायलींना ऊन दाखवणं

सगळ्या लेखातलं हे एवढं जरी केलंत तरी तुमचा साठा बऱ्याच संस्थांच्या पुढे जाईल.

चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ नावाची गणिती रीत फाइल आरंभापासून अखेरपर्यंत वाचते आणि ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ काढून देते. फाइल २६ एमबीची असो की २६ जीबीची, ओळ ६४ चीच. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ओळ पूर्ण वेगळी येते. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासून असते, लिनक्सवरही अशी आज्ञा तयार मिळते. हजारो फायलींचे ठसे एकदम घेणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत.

पद्धत अशी. स्कॅन हातात आल्या दिवशी प्रत्येक मूळ फाइलचा ठसा घ्या आणि यादी जपून ठेवा. प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली की तिथे पुन्हा ठसे काढून यादीशी ताडा. हे न करता 'कॉपी झाली' म्हणायचं नाही. मग दर सहा महिन्यांनी, नाही जमलं तर वर्षातून एकदा, तिन्ही प्रतींचे ठसे ताडायचे. आम्ही यासाठी दसऱ्यानंतरचा आठवडा धरला आहे. पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी असते आणि दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या असतात.

एका ऑक्टोबरात चौदा हजार फायलींपैकी एकीचा ठसा जुळला नाही. आकार तोच, तारीख तीच, नाव तेच. उघडली तर पानाचा वरचा अर्धा भाग स्वच्छ, शाईची वळणंसुद्धा दिसत होती, आणि खाली सगळा करड्या रेघांचा पट्टा. कुणीही त्या फाइलला हात लावला नव्हता, डिस्कवरच ती बिघडली होती. दुसऱ्या प्रतीतली फाइल काढली, तिचा ठसा जुळला, ती जागेवर ठेवली आणि डिस्क त्याच आठवड्यात बदलली. फाइल परत आणायला लागली वीस मिनिटं. ठसे नसते तर पुढच्या वेळी माल नव्या डिस्कवर हलवताना हीच बिघडलेली फाइल चांगलीवर चढली असती आणि ते पान कायमचं गेलं असतं.

ठशांची यादी आणि फायली एकाच गाठोड्यात बांधायची एक सर्वमान्य रीत आहे, तिचं नाव बॅगइट. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिच्या घडणीत भाग घेतला आणि २०१८ मध्ये ती आरएफसी ८४९३ म्हणून नोंदली गेली. साहित्य एका फोल्डरमध्ये, शेजारी ठशांची साधी मजकूर-फाइल, एवढंच. पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तरी वाचता येईल इतकं ते साधं आहे, आणि म्हणूनच मला ते आवडतं.

फाइल शाबूत, पण वाचता येत नाही

हे दुखणं मराठी संस्थांचं खास आहे. १९९० च्या दशकापासून आपले दिवाळी अंक, स्मरणिका, अहवाल पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपी, कृतिदेव, आकृतीसारख्या फॉन्टमध्ये जुळवले गेले. त्या काळची फाइल युनिकोड नसते. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडली की 'नाशिक'च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. ठसा जुळतो, बिट न् बिट जागेवर असतो आणि एक शब्द लागत नाही. अशा फायलींची वेगळी यादी करा. तो फॉन्ट असलेला जुना संगणक अजून चालतोय तोवर त्यावरून पीडीएफ काढा, शक्यतो फॉन्ट पोटात घेणाऱ्या पीडीएफ-ए प्रकारात. मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार, वेलांट्या माणसाकडून तपासून घ्या. मूळ फाइलही फेकू नका. हे काम जुने डीटीपी करणारे लोक हयात आणि हाताशी आहेत तोवरच सोपं आहे. त्यांना आजच फोन करा.

नव्या साहित्यासाठी प्रतिमा टिफ, मजकूर पीडीएफ-ए आणि ध्वनी वेव्ह एवढं धोरण ठेवलं तरी चालेल.

कायद्याची भीती बरेच जण घालतात, म्हणून थोडक्यात: २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२(१)(एन) नुसार, ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची छापील किंवा अन्य बिगर-डिजिटल प्रत असेल तर अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी तिची डिजिटल साठवण करू शकतं. जतन करणं आणि सगळ्यांसाठी आंतरजालावर टाकणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी हक्क कुणाचे आहेत ते बघावंच लागतं.

तालीम

वर्षातून एकदा, सगळं बुडालं आहे असं समजून चाला. कार्यालयातल्या संगणकाला हात न लावता, फक्त बाहेरगावच्या प्रतीवरून, कुठल्याही दहा फायली परत आणून उघडून दाखवा. आणि हे काम रोजच्या माणसाला देऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी द्या. पहिल्याच तालमीत कळतं की पासवर्ड एकाच्याच डोक्यात आहे किंवा क्लाउडचं खातं तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या मोबाइल नंबरला जोडलेलं आहे. डिस्क कुलूपबंद केली असेल तर तो संकेतशब्द छापून, बंद पाकिटात, दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. संकेतशब्द हरवलेली डिस्क आणि जळालेली डिस्क यांत काही फरक नाही.

साठा वाढला, संस्थेला आणखी पुढे जायचं असेल तर आयएसओ १४७२१ या मानकातलं ओएआयएस, म्हणजे डिजिटल संग्रह कसा चालवावा याचं प्रारूप वाचा, आणि पुण्याच्या सी-डॅकमधल्या डिजिटल जतनाच्या राष्ट्रीय केंद्राचं काम बघा. विश्वासार्ह डिजिटल भांडारासाठीचं आयएसओ १६३६३ प्रमाणपत्र २०१७ मध्ये जगात पहिल्यांदा मिळवलं ते भारताच्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृकश्राव्य संग्रहाने. हे आपल्याकडे होऊ शकतं, झालं आहे.

पैसे कुठून

सगळ्या संस्था इथेच अडतात. स्कॅनिंगसाठी देणगी मिळते, कोनशिला लागते, फोटो निघतो. पाच वर्षांनी डिस्क बदलायला कुणी देणगी देत नाही.

त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो, दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. शाळेच्या सहलीत आपण सगळे त्याच्यासमोरून गेलेलो आहोत. त्याने लेणं भिक्खूंना दिलं आणि तेवढ्यावर थांबला नाही. ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, आणि इतर गरजांचा खर्च. शेवटी लिहिलं आहे की हे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि दप्तरात फलकांवर नोंदवलं. निगमसभेचे ते फलक आज कुठेच नाहीत. दगडावरची नोंद डोंगरात, पुराच्या वर राहिली.

तर स्कॅनिंगसाठी देणगी घेताना त्यातला चौथा हिस्सा साठवणीची ठेव म्हणून वेगळा काढा आणि फक्त व्याज वापरायचं असा कार्यकारिणीचा ठराव करा. ठरावात चार ओळी असू द्या: प्रती कुठे आहेत, ठसे कोण आणि कोणत्या महिन्यात ताडणार, डिस्क कोणत्या वर्षी बदलायच्या आणि तो माणूस नसेल तेव्हा कोण. ठराव इतिवृत्तात लिहा, त्याची छापील नक्कल प्रत्येक डिस्कच्या डब्यात ठेवा आणि एक बाहेरगावच्या कपाटातल्या डिस्कबरोबर पाठवून द्या.